पडद्यावरची टेकडी

फोन वाजला की व्हर्लिन ब्रेक्के आधी नाव बघायचा, आणि नाव मारिटचं असलं तर हात पँटला पुसायचा. फोनला काय कळतंय हात मळका आहे ते! पण पुसायचा. मग घसा साफ करायचा आणि फोन थोडा वेळ वाजू द्यायचा, म्हणजे म्हातारा वाट बघत बसला होता असं तिला वाटू नये. बसलेला असायचाच.

"हॅलो, नॉर्डाल वायरलेस," तो म्हणायचा.

"हॅलो, वेस्ट बँक नेटवर्ककडून बोलतेय."

बोलणारी त्याची पोटची मुलगी, एकुलती एक. पण फोनवर ती त्याला डॅड म्हणायची नाही, व्हर्लिनही म्हणायची नाही. वीज कंपनीशी बोलावं तशी बोलायची.

"तुमच्या लिंडक्विस्ट सायलोवरचा अँटेना पुन्हा आमच्यात येतोय. जरा खाली झुकवता येईल का?"

"किती?"

"चार-पाच अंश तरी."

"एक अंश करून बघतो. मग कळव फरक पडतो का."

"एका अंशानं काय होणार आहे?"

"बघू या तर खरं. एकदम झुकवला तर माझ्या लोकांचं काय?"

माझ्या लोकांचं म्हणे! त्या सायलोवर त्याचं एकही गिऱ्हाईक उरलं नव्हतं. नदीच्या पूर्वेला त्या रस्त्यानं टेलिफोनवाल्यांनी जमिनीखालून केबल नेली, तशी तिथली घरं एकेक करून तिकडे गेली. आता तो अँटेना, चारा साठवायच्या त्या उंच काँक्रीटच्या कोठीवर बसून, रिकाम्या शेतांशी आणि कबुतरांशी बोलत होता. पण अँटेना एक अंश झुकवला म्हणजे मारिटचा आणखी एक फोन येणार हे नक्की होतं. चार अंश एकदम झुकवले असते तर तीन फोन बुडाले असते. व्हर्लिननं आयुष्यात कधी कामात चालढकल केली नव्हती. ही मात्र तो मन लावून करत होता.

हे सगळं कसं चालतं ते एकदा सांगून टाकतो. घराघरांत हवेतून इंटरनेट पोहोचवणाऱ्या लहरींचा हा पट्टा कुणा एकाच्या मालकीचा नाही. सरकारकडे किरकोळ फी भरायची, परवाना घ्यायचा, आणि टॉवर चालू करण्याआधी तो कुठे आहे, किती उंच, तोंड कुठल्या दिशेला, हे सरकारी यादीत नोंदवायचं. तसाच परवाना शेजाऱ्याकडेही असतो, आणि आधी आला म्हणून कुणाचा हक्क मोठा होत नाही. एकाच्या लहरी दुसऱ्यात शिरू लागल्या तर नियम एवढंच सांगतो की तुम्ही आपसांत बोला आणि मिटवा. शहरातल्या मोठ्या कंपन्यांना याचं हसू येतं. आम्हाला नाही येत. इथे मिनेसोटात दोन शेतांमधल्या रस्त्यावरचा बर्फ कुणी काढायचा हेही आम्ही असंच ठरवतो.

आपसांत बोला. मुलीनं बापाशी बोलावं असं सांगणारा व्हर्लिनच्या आयुष्यात तेवढा एकच नियम उरला होता.

खरं तर त्या धंद्यात तिला ओढलं त्यानंच. शाळेत असल्यापासून मारिट त्याच्याबरोबर टॉवरांवर यायची. त्याचा एक कायदा होता, आणि त्यात सूट नव्हती: एकट्यानं चढायचं नाही. एक वर चढणार, दुसरा खाली उभा राहून मान वर करून बघणार. वरच्यानं कमरेचा हूक काढून वरच्या कांबीला लावला की खालून मारिटनं ओरडायचं, "बघतेय!" आणि वरच्यानं उत्तर द्यायचं, "बरं!" उत्तर आलं नाही तर काहीतरी बिनसलं. पुढे मारिट त्याच्यापेक्षा चपळ झाली, ती वर आणि तो खाली असं होऊ लागलं. मान दुखेपर्यंत तो वर बघत राहायचा. त्याची बायको एव्हिस म्हणायची, "लग्नात माझ्याकडे सुद्धा इतका वेळ बघितलं नव्हतंस."

एव्हिस लिंडक्विस्टांची. नॉर्वेजियन घरात स्वीडिश सून आली म्हणून व्हर्लिनची आई वर्षभर धुसफुसत होती. तो सायलो एव्हिसच्या माहेरचा. घर केव्हाच पाडलं, गोठा वाऱ्यानं नेला, सायलो तेवढा उभा होता. पहिला अँटेना त्याच्यावर लावायचा हट्टही एव्हिसचाच. "माझ्या माहेराला काहीतरी काम द्या," म्हणाली होती.

ती गेली काही वर्षांपूर्वीच्या एका मार्चमध्ये. दफन झालं, चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे सँडविच, ओव्हनमधून काढलेली बटाट्यांची मोठमोठी भांडी, कॉफी. अख्खं गाव बसलं होतं. व्हर्लिनच्या शेजारची खुर्ची कुणी आदरानं मोकळी ठेवली होती. त्यानं त्या खुर्चीकडे बघितलं, खिशातून फोन काढला, उठला आणि मारिटला म्हणाला, "लिंडक्विस्ट बंद पडलाय. जाऊन येतो."

"डॅड, आज नको."

"लोकांचं अडलंय."

"डॅड."

तो गेला. परतला तेव्हा अंधार पडायला आला होता, आणि मारिट चर्चमधल्या बायकांबरोबर भांडी पुसत होती. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. आमच्याकडे कुणी ओरडत नाही, कुणी बशा फोडत नाही. आम्ही गप्प बसतो, आणि त्यात आमचा हात धरणारा कुणी नाही. काही आठवड्यांनी मारिटनं आपली हत्यारं पेटीत भरली, नदीपलीकडच्या गावात पाण्याच्या टाकीवर जागा घेतली, स्वतःचा परवाना काढला. तिकडच्याच एका सुताराशी लग्न केलं. लग्न कोर्टात, कुणाला न बोलावता. मुलगी झाली, सिग्नी नावाची, हे व्हर्लिनला किराणा दुकानात कळलं.

नातीला त्यानं काउंटीच्या जत्रेत दुरून बघितलं होतं, मेंढ्यांच्या कठड्यापाशी. फोनवर मात्र ती कधीकधी मागे ऐकू यायची. "मॉम, बूट सापडत नाही!" असं काहीतरी. मग मारिट फोनवर हात धरायची आणि आवाज बुजायचा. त्या बुटाचं पुढे काय झालं हा विचार व्हर्लिन दोन दिवस करायचा.

आणखी एक गोष्ट होती, कुणाला न सांगितलेली. शेडच्या कोपऱ्यात त्याचं ऑफिस. रोज सकाळी कॉफीच्या आधी तो तिथे लहरी तपासायचं यंत्र चालू करायचा. हवेत कुणाची लहर कुठे आणि किती जोरात आहे ते पडद्यावर उंचवट्यांसारखं दिसतं. आमचा मुलूख तळहातासारखा सपाट; टेकडी बघायची तर त्या पडद्यावरच. पश्चिमेकडे अँटेना वळवला की उजव्या बाजूला एक रुंद, बसक्या माथ्याची टेकडी उगवायची. ती मारिटची. धंद्याच्या भाषेत तो गोंगाट, शेजाऱ्याचा उपद्रव. व्हर्लिनला ती दिसली की बरं वाटायचं. मारिट उठली, तिचं सगळं चालू आहे. मग तो कॉफी करायला जायचा.

असं किती काळ चाललं असतं कोण जाणे. पण मे महिन्याच्या शेवटी पाऊस होऊन शेतं ओली झाली, पेरणी थांबली, आणि सगळे शेतकरी पेट्रोल पंपावरच्या कॅफेत येऊन बसले. कॉफी कुणी पाजायची यासाठी चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळत होते. नदीपलीकडचा ऑरिन स्लेटन, शेडमध्ये टर्की पक्षी पाळणारा, व्हर्लिनच्या समोर येऊन बसला.

"तुझ्याशी जरा काम होतं," ऑरिन म्हणाला.

"फासे टाक आधी."

ऑरिननं टाकले. हरला. "जळ्ळं नशीब. काल तर आणखीच जळलं असतं. तिसऱ्या शेडचे पंखे बंद पडले. एवढ्या उकाड्यात! फोनवर धोक्याची सूचना यायला पाहिजे ना? आलीच नाही. कुत्रं भुंकलं म्हणून मी बाहेर गेलो, नाहीतर सकाळी सगळे पक्षी आडवे."

"सूचना का नाही आली?"

"इंटरनेट! तुझ्या पोरीचं इंटरनेट. दिवसातून पाच वेळा जातं. तिला फोन केला की म्हणते, बघते, प्रयत्न चालू आहे. प्रयत्नांनी टर्की जगतात होय?" ऑरिन पुढे वाकला. "मी, डेलमार आणि ते नवं डेअरीवालं कुटुंब, आम्ही तिघं ठरवतोय की तुझ्याकडेच यावं. तुझा सिग्नल आमच्यापर्यंत येतो म्हणे."

"येतो," व्हर्लिन म्हणाला.

"मग झालं तर! लोक म्हणतातच, पोरगी बापाकडून काही शिकली नाही."

व्हर्लिननं कप खाली ठेवला. त्याच्या तोंडाची चवच गेली. आयुष्यभर त्यानं जिला शिकवलं, जी त्याच्यापेक्षा चांगलं शिकली, तिच्याबद्दल लोक हे बोलत होते, आणि बोलायला कारण त्यानं दिलं होतं. सायलोवरून निघालेला त्याचा गोंगाट नदी ओलांडून तिच्या टाकीवरच्या कानात जात होता. अशा गोंगाटात तिला आपल्याच लोकांचं बोलणं ऐकू येईना, तर त्यात तिचा काय दोष?

"शिकली ती," तो म्हणाला. "तिचं काही चुकत नाही. आठवडाभर थांब."

"आठवड्यानं काय होणार?"

"सुधारेल."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे, ऑरिन. टर्कीचं तू बघ, सिग्नलचं मी बघतो."

घरी येताना त्यानं ठरवलं होतं की फोन करून सांगायचं. सायलो बंद करतोय, झुकवाझुकवी पुरे झाली. शेडमध्ये बसून त्यानं फोन हातात घेतला. नाव काढलं. मग त्याला तो फोन आधीच ऐकू येऊ लागला. ती म्हणणार, "थँक यू. आमच्या लोकांना मदत होईल." तो म्हणणार, "ठीक आहे." आणि मग ती फोन ठेवणार. मग पुन्हा फोन करायचं कुणालाच कारण उरणार नाही. नदी असेल, टाकी असेल, पण आपसांत मिटवायला काही नसेल. असा शेवटचा फोन स्वतःच्या हातानं करायचा त्याला धीर झाला नाही. त्यानं फोन खिशात टाकला.

संध्याकाळी तो सायलोवर गेला, पायथ्याच्या पेटीतला खटका खाली ओढला, घरी येऊन सरकारी यादीतली नोंद रद्द केली. काम नियमात होतं. एव्हिसच्या माहेराला दिलेलं काम आज संपलं, असं त्याला वाटलं, आणि जेवण जाईना.

पण तो स्वतःला ओळखून होता. अँटेना वर राहिला तर चार दिवसांत आपण तिथे जाऊ, खटका वर ओढू आणि स्वतःलाच काहीतरी थाप मारू. म्हणून सकाळी पडदा चालू न करताच तो निघाला. थर्मासमध्ये कॉफी भरली, पट्टे आणि दोर पिकअपमध्ये टाकले. खाली उभं राहायला कुणाला बोलावलं नाही. सत्तरीच्या माणसानं एकट्यानं सायलोवर चढणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. फोन सीटवरच राहिला.

शिडी सायलोच्या बाहेरून. एक कांब, हूक, पुढची कांब. दमत, थांबत तो माथ्यावर पोहोचला. वरून सगळं दिसत होतं: काळी ओली शेतं, झाडांच्या ओळीत लपलेली नदी, तिच्यापलीकडे मारिटच्या गावची पांढरी टाकी. त्या मार्चमध्येही तो इथेच बसला होता. तेव्हा शेतांत बर्फ होता. इथून एव्हिसच्या घराचा दगडी पाया दिसतो. तो तिथे बघत बसला होता आणि लहान पोरासारखा रडला होता. खाली कुणी नव्हतं म्हणूनच रडता आलं होतं.

त्यानं पाना काढला. चार बोल्ट होते. दोन निघाले. तिसऱ्याला गंज होता, त्याच्याशी तो झटत असताना खालच्या खडीच्या रस्त्यावरून चिखल उडवत एक गाडी आली. एवढ्या वेगात आमच्या रस्त्यांवर फक्त पोरं गाडी हाकतात. गाडी त्याच्या पिकअपला जवळजवळ चिकटूनच थांबली आणि हॉर्न वाजू लागला तो थांबेचना.

मग दार उघडलं आणि मारिट बाहेर आली. पायांत घरातल्या सपाता होत्या.

"खाली उतर!" ती ओरडली.

"दोन बोल्ट राहिलेत!"

"खाली उतर म्हणते ना! आत्ता!"

तो उतरला. त्याचे पाय जमिनीवर टेकेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. टेकल्यावर मात्र तिनं सोडलं नाही.

"फोन कुठाय तुझा?"

"गाडीत."

"गाडीत! मग गाडीला करत होते होय मी फोन? घरी गेले, कुणी नाही. शेडमध्ये गेले, कुणी नाही."

"काय झालंय? सिग्नी बरी आहे ना?"

"सिग्नीला काय धाड भरलीय! तूच—" तिनं कपाळ पुसलं. "बंद केलास."

"काल. तुझ्या लोकांना त्रास होत होता. ऑरिन सांगत होता, टर्कीचं वगैरे. माझ्याच्यानं ऐकवेना. नोंदसुद्धा रद्द केली, यादीत बघ."

"मला सांगायला नको?"

"चालू करताना सांगायचं असतं. बंद करताना सांगायचा नियम कुठे आहे?"

"नाहीये नियम! मला नको शिकवू नियम!" मारिटचा आवाज फाटला. "सकाळी यंत्र चालू केलं तर तुझी टेकडी नाही. सपाट. मला वाटलं वीज गेली असेल. वीज काही गेलेली नव्हती. मांडीवर सिग्नी, ती विचारतेय, मॉम, आजोबा कुठे गेले?"

व्हर्लिनला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "तिला काय माहीत माझं?"

"रोज दाखवते मी तिला. ही आपली टेकडी, ती आजोबांची. रोज, ब्रेकफास्टच्या आधी. तुझ्या सायलोवर गिऱ्हाईक नाही हे मला कळत नव्हतं होय? एक अंश! एक अंश झुकवून बघतो म्हणे! मला अँटेना कसा झुकवतात ते कुणी शिकवलं?"

"मग तू का नाही म्हणालीस की बंद कर?"

ती सायलोकडे बघत राहिली. "म्हटलं असतं तर तू केलाच असतास बंद," ती म्हणाली.

व्हर्लिन पिकअपपाशी गेला आणि थर्मास घेऊन आला. बोलणं अवघड झालं की आमच्याकडे माणसं कॉफी काढतात.

"कॉफी घेतेस?"

"नको."

"गरम आहे."

"नको, राहू दे. तुझ्यापुरती आणलीयस."

पहिल्या दोन विचारण्यांना आमच्याकडे कुणी हो म्हणत नाही, ते वाईट दिसतं. तिसऱ्यांदा विचारलं तरच ते खरं विचारणं. कितीतरी माणसं दुसऱ्या नकारावर थर्मासचं झाकण लावतात आणि घरी जातात. व्हर्लिननं झाकण हातात धरलं होतं आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आधी त्याला दुसरं काही सांगायचं होतं. ते न सांगता कॉफी दिली असती तर ती त्यालाच गोड लागली नसती.

"मारिट, त्या दिवशी सायलो बंद पडला नव्हता."

"माहीत आहे."

"आईच्या दफनाच्या दिवशी म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतेय. काही बिघडलं की सूचना आपल्या दोघांच्याही फोनवर यायची. माझा फोन माझ्या पर्समध्ये होता. वाजला नाही." ती आता ओरडत नव्हती. "तू फोन काढलास, उठलास, आणि मला तोंडावर सांगितलंस की लोकांचं अडलंय. मला तेव्हाच कळलं तू कुठे जातोयस. आईच्या घरी."

"मग इतकी वर्षं तुझा राग—"

"तू गेलास म्हणून नाही आला राग! मला मागे ठेवून गेलास. ती एवढी माणसं, प्रत्येक जण विचारतोय व्हर्लिन कुठे, आणि मी सँडविच वाढतेय. मला काय हौस होती तिथे बसायची? माझीही आईच होती ना? मला का नाही आणलंस?"

व्हर्लिननं हातातलं झाकण उलटसुलट केलं.

"एकट्यानं चढायचं नाही," ती म्हणाली. "कुणाचा कायदा हा?"

"माझा."

"मग?"

"तू खाली उभी असतीस तर मला वर रडता आलं नसतं," तो म्हणाला. आयुष्यात इतकं सरळ वाक्य त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, एव्हिसलाही नाही. "तू बघत असतीस. तुझ्यासमोर मी कधी... मला वाटलं, तुला बाप धड हवा. म्हणून गेलो. आणि परत आलो तर तू बघेनास. मग ते तसंच राहिलं. तुझी फार आठवण येते मला, मारिट. तुझी टेकडी बघितल्याशिवाय मी कॉफी घेत नाही."

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले होते, ते तिनं बाजूला केले नाहीत. नदीच्या बाजूनं कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू झाला. शेतं वाळायला लागली असणार.

"कॉफी घेतेस?" व्हर्लिननं विचारलं.

"अर्धा कप," मारिट म्हणाली.

कप कुठला, थर्मासचं झाकणच ते. त्यानं ओतलं तर ते काठोकाठ भरलं. ती अर्धं प्यायली आणि झाकण तिनं त्याच्याकडे दिलं, उरलेलं तो प्यायला. दोघंही पिकअपच्या मागच्या फळीवर बसली, पूर्वी कामाच्या मध्ये बसायची तशी. तिच्या सपाता चिखलानं भरल्या होत्या.

"कॉफी अजून तशीच करतोस, गटाराच्या पाण्यासारखी," ती म्हणाली.

"तुझी आईही हेच म्हणायची."

"आईला चव होती."

थोड्या वेळानं त्यानं वर बोट दाखवलं. "ठेवू का तो? खटका ओढला की चालू होईल. सिग्नी विचारतेय म्हणतेस तर."

मारिटनं मान हलवली. "ऑरिनच्या टर्की मेल्या तर तो मला जिवंत सोडायचा नाही. काढ." मग म्हणाली, "सिग्नीला मी सांगेन काहीतरी. नाहीतर तूच येऊन सांग. ती प्रश्न फार विचारते, तयारी करून ये."

"केव्हा येऊ?"

"रविवारी जेवायला ये."

"उगाच त्रास कशाला तुम्हाला?"

"डोकं फिरवू नकोस हं माझं. मी तीनदा विचारणार नाही."

"येतो," व्हर्लिन म्हणाला.

तिनं फळीवरून उडी मारली आणि त्याचा पट्टा ओढून बघितला, बक्कल घट्ट आहे की नाही ते. एक पट्टा सैल होता. तो तिनं आवळला, जरा जास्तच जोरात.

"दोन बोल्ट ना?"

"एकाला गंज आहे."

"जा मग. मी आहे खाली."

तो चढू लागला. गुडघे कुरकुरत होते, हात भरून आले होते, आणि शिडी मघापेक्षा लांब झाली होती. त्यानं पहिला हूक काढला आणि वरच्या कांबीला अडकवला.

"बघतेय!" खालून आवाज आला.

उत्तर द्यायचं असतं. कायदा त्याचाच होता. पण तो भिंतीला कपाळ टेकून तसाच उभा राहिला. खांदे हलत होते, ते खालून दिसत असणार हे त्याला माहीत होतं. आज त्यानं ते लपवलं नाही.

"बघतेय, डॅड!" मारिट पुन्हा ओरडली.

"बरं!" तो म्हणाला.